तुटलेले तुकडे जुळवून बघू नका

नॉर्वेतल्या स्टावांगरला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी बोलणी खाल्ली. म्हणजे इथला माणूस आवाज वगैरे चढवत नाही. तो गप्प होतो आणि तुमच्या हातातली वस्तू काढून घेतो. माझ्या हातात एका मोठ्या ब्लोअरच्या सांगाड्याचे दोन तुटके तुकडे होते आणि मी ते एकमेकांना जुळवून बघत होतो. भोसरीत सात वर्षं काढलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. जुळतंय ना? मग मार ग्राइंडर, बोलव वेल्डरला, आणि दुपारच्या शिफ्टच्या आत मशीन चालू.

"पुरावा पुसलास," माझा वरिष्ठ म्हणाला. साठीच्या या गृहस्थांना मी नुसत्या नावाने हाक मारतो. इथली रीत तशी आहे, पण जीभ अजून अडखळते.

मग त्याने टॉर्च तिरपी धरून तुटलेला पृष्ठभाग दाखवला. एका कोपऱ्यापासून गुळगुळीत भाग पसरत गेलेला, त्यावर बारीक कमानीसारख्या रेघा. ओहोटीनंतर वाळूवर पाण्याच्या खुणा राहतात ना, तशा. उरलेला थोडा भाग खडबडीत, चकाकणारा. गुळगुळीत भाग म्हणजे तडा हळूहळू पुढे सरकत होता तो काळ. खडबडीत म्हणजे शेवटचा क्षण. खडबडीत भाग जितका लहान, तितका तुटताना भार कमी होता असं समजायचं. म्हणजे आमच्या सांगाड्यावर कुणी जादा वजन टाकलेलं नव्हतं. तो बिचारा कित्येक दिवस झिजत होता. तुकडे एकमेकांवर घासले की नेमक्या याच रेघा जातात.

रेघांचा उगम शोधत गेलो, तर तिथे काय निघावं? केबल ट्रे टेकवण्यासाठी कुणीतरी टाके मारून लावलेली एक बोटभर पट्टी. तडा त्या वेल्डच्या कडेतूनच निघाला होता.

पण पट्टी बरीच जुनी होती. सांगाडा आत्ताच का तुटला? हे कोडं सुटायला दोन दिवस गेले. मशीन बंद करून सांगाड्याला सेन्सर चिकटवला आणि रबरी हातोडीने ठोकलं. देवळातली घंटा जशी स्वतःच्याच सुरात वाजते, तसा सांगाडाही आपल्या सुरात थरथरतो. आमचा सूर निघाला साधारण 20 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीसदा थरथर. पूर्वी ब्लोअर एकाच वेगाने, मिनिटाला 1490 फेऱ्यांनी चालायचा, म्हणजे 25 हर्ट्झच्या जवळपास. वीज वाचावी म्हणून मध्यंतरी मोटरला ड्राइव्ह, म्हणजे वेग कमी-जास्त करणारं यंत्र, बसवला होता आणि रात्री ब्लोअर 1200च्या आसपास फिरवत होते. 1200 भागिले 60, हिशेब तुम्हीच करा. रात्रभर सांगाडा आपल्याच सुरात नाचत होता आणि पट्टीपाशी उसवत होता. ड्राइव्ह बसवणाऱ्याचंही चुकलं नव्हतं, पट्टी लावणाऱ्याचंही. दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

त्या शनिवारी मी इथल्या तेल संग्रहालयात गेलो. वरिष्ठानेच पाठवलं होतं. तिथे ‘अलेक्झांडर एल. कीलँड’चा एक तुटका भाग ठेवला आहे. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात कामगारांच्या राहण्यासाठी वापरलेला हा तरंगता प्लॅटफॉर्म; नाव याच गावच्या एका लेखकाचं. पाच खांबांवर उभा. 27 मार्च 1980च्या संध्याकाळी, वादळात, त्याची डी-6 नावाची आडवी नळी तुटली. त्या खांबाला धरणाऱ्या बाकीच्या नळ्याही पाठोपाठ गेल्या, खांब निखळला, प्लॅटफॉर्म कलला आणि साधारण वीस मिनिटांत उलटला. 212पैकी 123 माणसं गेली.

सुरुवात कुठून झाली? हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारा मायक्रोफोन, बसवण्यासाठी नळीला भोक पाडून जोडलेल्या आधारापासून. त्याचं वेल्डिंग अवघं 6 मिलिमीटरचं, तेही निकृष्ट. हा आधार म्हणजे ‘उपकरण’, रचनेचा भाग नव्हे, असं धरल्यामुळे त्याच्या ताकदीकडे कुणी फारसं बघितलं नाही. आणि चौकशीत तड्याच्या आत रंग सापडला. रंग! म्हणजे फ्रान्समधल्या गोदीत रंगारी ब्रश फिरवत होता तेव्हाच भेग तिथे होती. तुकडे कुणी घासूनपुसून ठेवले असते तर हे कधी कळलं असतं का? काचेसमोर मी बराच वेळ उभा होतो. बाहेर पाऊस आडवा पडत होता, छत्रीचा काही उपयोग नसलेला.

आमच्या ब्लोअरची दुरुस्ती मात्र अगदी साधी. फुटलेला भाग कापून नवा घातला, वेल्डची कड घासून गोलसर केली आणि केबल ट्रे सांगाड्यावरून काढून भिंतीला दिला. ड्राइव्हमध्ये 20 हर्ट्झच्या आजूबाजूचा वेग वगळून टाकला. नुसतं तड्यावर वेल्ड ओढलं असतं, तर काही महिन्यांनी पुन्हा तिथेच हजर.

परवा हे सगळं भोसरीतल्या जुन्या मित्राला फोनवर रंगवून सांगितलं. त्याच्याकडेही एक शाफ्ट तुटला होता. म्हटलं, आधी फोटो पाठव, हात लावू नकोस. संध्याकाळी फोटो आला. दोन्ही तुकडे डिझेलने धुऊन, फडक्याने लख्ख पुसून, शेजारी-शेजारी मांडलेले. खाली लिहिलं होतं, "बघ, एकदम क्लिअर दिसतंय."