नाव आयात करणाऱ्याचं, कॅमेरा कुणाचा?

फुजी दोन्ही वेळा ढगातच होता. शिबुयाच्या चौकात माणसं कमी आणि वर धरलेले मोबाइल जास्त. निक्को राहिलं. टोकियोच्या सहलीचा वृत्तांत विचारणाऱ्यांसाठी एवढं पुरे, कारण मला लिहायचंय ते शिंजुकुतल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या, चिमुकल्या कॅमेऱ्यांच्या ट्रेबद्दल.

मुक्काम भाच्याकडे, निशी-कसाईला. तिथे भारतीयांची इतकी वस्ती आहे की लिफ्टमध्ये फोडणीचा वास येतो, आणि 2019 साली त्या एदोगावा भागातून पुण्याचे योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडूनही आले. भाचा दिलदार, पण त्याच्या यादीत सगळं उंच, झगमगीत आणि गर्दीचं. मी म्हटलं, मला कॅमेरे बघायचेत. मग तोझाई लाइनने कुदानशिता, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन हानझोमोन, आणि तिथून चालत जेसीआयआय नावाच्या संस्थेचं कॅमेरा म्युझियम. तिकीट 300 येन. तळघरात आहे, शांत आहे, आणि 1839 चा जिरूचा लाकडी कॅमेरा, विकायला काढलेला जगातला पहिला, समोर ठेवलाय. तो बघून माझा भाचासुद्धा दोन मिनिटं गप्प झाला.

ही जेसीआयआय संस्था मुळात 1954 साली निघाली ती निर्यातीचे कॅमेरे तपासायला. जुन्या जपानी कॅमेऱ्यांवर 'पास्ड' लिहिलेलं सोनेरी अंडाकृती स्टिकर असतं ना, ते यांचंच. वाईट माल बाहेर जाऊन देशाचं नाव खराब होऊ नये म्हणून ही सगळी खटपट. पण त्याआधी काय काय बाहेर गेलं, ते मला बघायचं होतं.

शिंजुकुतल्या पहिल्या दुकानात विक्रेता आमच्या मागेमागे फिरत होता, जणू आम्ही लेन्सा खिशात घालणार. दुसरं दुकान एका अरुंद इमारतीत वरच्या मजल्यावर. काउंटरमागचे आजोबा मान वर करेनात. भाच्याने जपानीत विचारलं, "युद्धानंतरचे अगदी छोटे कॅमेरे आहेत का?" तेव्हा त्यांनी चष्मा काढला, आत गेले आणि मखमलीचा ट्रे आणून ठेवला. सोबत एक भिंग. हात लावा, अशी खूण.

ट्रेमध्ये काड्यापेटीपेक्षा जेमतेम मोठे वीसएक कॅमेरे. क्रोमची चमक, काळं कातडं, वर इवलासा व्ह्यूफाइंडर. मी एक उचलला. समोर कोरलेलं: हिट. दुसरा: कॉली. तिसरा: क्रिस्टार. चौथा: अ‍ॅरो. बॉडी तीच, लेन्सची कडी तीच, शटरचा तो किडा चावल्यासारखा 'टिक्'सुद्धा तोच. बदललंय फक्त नाव. मागे लाल काचेची खिडकी, त्यातून फिल्मच्या कागदावरचे आकडे बघायचे. फिल्म साडेसतरा मिलिमीटर रुंद, म्हणजे नेहमीच्या 35 च्या बरोबर निम्मी. एका रोलमध्ये दहा फोटो, प्रत्येक 14 बाय 14 मिलिमीटर. नखाएवढा. ही फिल्म युद्धाच्या आधीची. 1937 साली मिसुझु कंपनीने मिजेट नावाचा कॅमेरा काढला, त्याच्यापासून चालत आलेली. आज ती दुकानात मिळत नाही.

"मावशी, ही खेळणी बघायला इथवर आलो आपण?" भाचा म्हणाला.

खेळणी आहेतच. हिटचा शटर एकाच वेगाचा, लेन्स साधी, फोकस ठरलेला. अमेरिकेत मासिकांतल्या जाहिराती बघून टपालाने मागवायच्या वस्तू या. पण आजोबांनी सांगितलं (भाचा नाइलाजाने मराठीत सांगत होता), की हिट टोगोडो कंपनीचा, आणि तो खपतोय म्हटल्यावर नकला करणाऱ्या छोट्या कारखान्यांची रीघ लागली. तिकडचा आयात करणारा सांगेल ते नाव समोर कोरून द्यायचं. त्याला हवं तर दागिन्याचं, हवं तर पाखराचं. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

मी एक उलटा केला. तळाला बारीक अक्षरांत: 'मेड इन ऑक्युपाइड जपान', म्हणजे परक्यांच्या ताब्यातल्या जपानचा माल. निर्यातीच्या मालावर हा शिक्का मारायचा हुकूम 1947 साली निघाला. युद्धानंतरचा जपानवरचा अमेरिकेचा ताबा संपला 28 एप्रिल 1952 ला. म्हणजे कारागिराने स्वतःचं नाव घालायचं नाही, पण आपण हरलो हे मात्र प्रत्येक नगावर ठोकायचं. आमच्या उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'वर आम्ही आयुष्यभर हसलो. तिथे निदान देश तरी आपल्या मर्जीने निवडलेला होता! मला खरंच राग आला. त्या वेळी डॉलरला 360 येन पडत होते, देशाला डॉलर हवे होते, हे सगळं कळतं. तरी आला.

आजोबांनी मग दुसरा ट्रे काढला, आणि तिथे भाच्याचं 'खेळणी' बंद झालं. 1947 चा स्टेकी: 16 मिलिमीटर फिल्म, शटरला तीन वेग, आणि लेन्स चक्क बदलता येते. 1948 चा पेटल: गोल, बंदा रुपया जरा फुगवावा तेवढा, आत गोल चकतीसारखी फिल्म. मिनोल्टा-16, जो 1957 साली आला आणि ज्याचं मूळ कोनान-16 या निशिनोमियाच्या कॅमेऱ्यात आहे. सिगरेट लायटरमध्ये दडवलेला एको-8 त्यांच्याकडे नव्हता, फक्त फोटो होता. 'रोमन हॉलिडे'त ऑड्री हेपबर्नचे चोरून फोटो काढतात तो. यांची नावं संग्राहकांच्या पुस्तकांत आहेत, यांच्यावर लेख लिहिले जातात. किमतीही तशाच. पेटलची ऐकून मी तो दोन्ही हातांनी परत ठेवला.

जपानी आदरातिथ्याचं कौतुक मी फार ऐकलं होतं, आणि बहुतेक ठिकाणी ते वाकून केलेलं, छापील वाटलं. हे आजोबा एकदाही वाकले नाहीत. चहा नाही, हसणं नाही. पण प्रत्येक कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून आतली चाकं दाखवली, आणि आम्ही घेणार काय हे एकदाही विचारलं नाही. आमच्या नंतर आलेलं गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं, तरी नाही.

मी क्रिस्टार घेतला. तीन हजार येन. घासाघीस करून बघितली, दाद लागली नाही, पण चामड्याची चिमुकली पिशवी वर मिळाली. रात्री फोनवर भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला दाखवला. ती म्हणाली, "फोटो येतात का?" नाही म्हटल्यावर तिने सरळ विचारलं, "मी सांगितलेल्या किमोनोचं काय झालं?" किमोनो राहिलाच.