राहिलेल्या मण्यापासून

स्पेनमधल्या सान्तियागोच्या पायी यात्रेत कारियोन दे लोस कोन्देस गाव सोडलं की पुढे 17 किलोमीटर गाव नाही, नळ नाही, सावली तर नाहीच. माझ्यापुढे एक म्हातारी फ्रेंच बाई मोठ्यानं जपमाळ म्हणत चालली होती. सकाळपासून. माझ्या टाचेचा फोड फुटलेला, आणि तिचा तो आवाज डोक्यात घुसत होता. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव, असं प्रभूनं सांगितलंय, हे मी मनातल्या मनात तिला ऐकवत होते.

शेवटी कडेला बसलेच. ती मागे वळून आली. काही विचारलं नाही. माळ मनगटाला गुंडाळली, माझा चिकटलेला मोजा हळूहळू सोडवला आणि स्वतःच्या बाटलीतलं प्यायचं पाणी टाचेवर ओतलं. पुढचं पाणी काल्सादिया गावात, अजून दोन तासांवर. मी नको नको म्हणत होते. येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला, तेव्हा पेत्रही तेच म्हणाला होता. त्याच्या आठवणीत पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुतात, ते घरून पाय धुऊनच आलेले असतात. माझ्या पायाला धूळ होती, रक्त होतं, घाण वास होता. तिनं आयोडीन लावलं, पट्टी बांधली, माझ्या खांद्याला धरून उठली. माळ सोडवली, राहिलेला मणी शोधला आणि तितक्याच मोठ्यानं पुढचा ‘नमो मरिया’. ती फ्रेंचमध्ये, मी मराठीत. पाय दुखतच होता, पण चालत होता.

लेओन झालं. क्रुस दे फेर्रोला, वाटेवरच्या लोखंडी क्रुसापाशी, यात्रेकरू ठेवतात तसा खडा ठेवला.

सारियापासून गर्दी. यात्रा पुरी केल्याच्या प्रशस्तिपत्राला शेवटचे 100 किलोमीटर पायी पुरतात, त्यात यात्रेच्या पुस्तिकेवर रोज दोन शिक्के हवेत. माणसं चर्चमध्ये शिरत ती शिक्क्यापुरती, पवित्र साक्रामेंताकडे, येशूचं शरीर झालेल्या भाकरीकडे, न बघता. मला याचा फार राग येई. आमची ती दुपार तर या हिशेबात बसतच नाही.

सान्तियागोला कार्यालयात यात्रेचा हेतू विचारतात. ‘धार्मिक’ लिहिलं. ते खरं आहे का, हे अंतःकरण पाहणाराच जाणे.

बोताफुमेइरो, म्हणजे कॅथेड्रलमधलं झोके घेणारं मोठं धूपपात्र, आज हलवणार नाहीत असं कळलं आणि मिस्सा सुरू व्हायच्या आधीच पुढचे बाक रिकामे झाले. भाकरीच्या रूपानं येशू तर येणारच होता ना? कम्युनियनच्या रांगेत हात जोडून उभी होते आणि आतून धुमसत होते. आधी भावाशी समेट कर, मग वेदीपाशी ये, हे आठवलं. निघून गेलेल्यांसाठी प्रार्थना केली, दात आवळूनच, आणि पुढे सरकले.