कहालूउची जमीन आणि एका राजकन्येचे मृत्युपत्र

हवाई बेटसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोना भागात, कहालूउ नावाचा एक उथळ उपसागर आहे. त्याच्या काठावरचे किऔहौ बीच हॉटेल २०१२ साली बंद झाले, पुढे काही वर्षांनी ते पाडण्यात आले आणि ती जागा हवाईयन संस्कृती व निसर्ग यांच्या शिक्षणाचे केंद्र उभारण्यासाठी राखून ठेवण्यात आली. पुण्यात बसून कोकणच्या किनाऱ्यावरची घरे आणि लहानसहान रिसॉर्ट्स आखून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या प्रकल्पाविषयी मी कार्यालयात बरेच दिवस बोलत होतो. आमचे ज्येष्ठ संरचना अभियंते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अहो, ते सगळं ठीक आहे, पण पाडायचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, ते आधी सांगा."

त्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी जागेविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिथे शिकवण्याजोगे जे आहे ते हॉटेलच्या कितीतरी आधीचे आहे. हॉटेलच्या आवारालगतच, समुद्राला खेटून, 'हेइआउ' म्हणजे दगडी चौथऱ्यांची जुनी देवस्थाने आहेत. त्यांपैकी हापाइअली आणि केएकू ही दोन प्रमुख. त्यांची भिंत लाव्हाच्या काळ्या दगडांची असून ती चुना किंवा सिमेंट न वापरता केवळ दगडावर दगड बसवून रचलेली असते. कोकणात ज्याने चांगला गडगा रचताना पाहिले आहे त्याला हे काम लगेच कळेल: दगडाचे तोंड कुठे आहे, तो कोणत्या अंगावर बसेल, फटीत कोणती चीप घातली म्हणजे तो हलणार नाही, हे सारे हाताला ठाऊक असावे लागते. फरक इतकाच की हा चौथरा भरतीच्या लाटांसमोर उभा असतो आणि पाणी फटींतून आत शिरून बाहेर पडते, म्हणूनच तो टिकतो. १८१९ साली पहिल्या कामेहामेहा राजाच्या निधनानंतर जुनी धर्मव्यवस्था मोडीत निघाली आणि अशी देवस्थाने ओस पडली. हापाइअलीची पुनर्रचना २००७ मध्ये झाली, तेव्हा हॉटेल चालू होते. चौथऱ्याच्या मध्यशिळेमागे उभे राहून पाहिले, तर हिवाळ्यातल्या अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, सूर्य त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याच्या रेषेत मावळतो आणि विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, मधोमध. सूर्याची वार्षिक चाल शिकवायला याहून चांगला वर्ग मला तरी सुचत नाही, आणि अशा वर्गाशेजारी इमारत जितकी कमी तितकी बरी, असे वास्तुरचनेचा धंदा करूनही मला वाटते.

आता नानांचा प्रश्न. ही जमीन कामेहामेहा स्कूल्स या न्यासाची आहे. कामेहामेहा राजघराण्याच्या थेट वंशातल्या अखेरच्या व्यक्ती मानल्या जाणाऱ्या राजकन्या बर्निस पौआही बिशप यांना १८७२ साली राजगादी देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली. मात्र मृत्युपत्रात त्यांनी सुमारे पावणेचार लाख एकर जमीन, म्हणजे हवाईच्या भूभागाचा जवळपास अकरावा हिस्सा, हवाईयन मुलांच्या शाळांसाठी ठेवली. त्यांचे निधन १६ ऑक्टोबर १८८४ रोजी झाले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग आहे, पण पुणेकराच्या नजरेतून तो सुटणे कठीण. आपल्याकडे टिळक-आगरकरांच्या पिढीने देणग्या मागून शाळा-महाविद्यालय उभे केले. तिथे शाळेच्या आधीच जमीन होती आणि पहिली शाळा १८८७ मध्ये सुरू झाली.

या न्यासाला सोवळा ठरवण्याचा माझा हेतू नाही. हॉटेल उभे राहिले तेही त्याच्याच जमिनीवर. १९९०च्या दशकात तर विश्वस्त वर्षाला प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या घरात मानधन घेत असल्यावरून मोठे वादळ उठले आणि १९९९ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. तरीही जमीन विकली गेलेली नव्हती, त्यामुळे हॉटेलची सद्दी संपल्यावर मालकाला मूळ हेतूकडे वळता आले आणि पाडण्याचा खर्च ज्या हेतूसाठी मालमत्ता होती त्याच खात्यात टाकता आला. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा, आराखडे नंतरचे.

कवाई बेटावरचे वाइलुआ पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तिथले कोको पाम्स हे १९५३ साली सुरू झालेले प्रसिद्ध हॉटेल ११ सप्टेंबर १९९२ रोजी इनिकी चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले आणि त्याचे सांगाडे तीस वर्षांच्या आसपास तसेच उभे राहिले. ही जागा हवाईयन लोकांच्या दृष्टीने अत्यंत पवित्र. राणी डेबोरा कापुले यांचे तिथे वास्तव्य होते, आवारात जुनी मत्स्यतळी आणि दफनस्थाने आहेत. इथे सांस्कृतिक शिक्षणकेंद्र व्हावे, अशी मागणी स्थानिकांनी संघटित होऊन लावून धरली, आणि त्यांची कल्पना कहालूउपेक्षा कोणत्याही अर्थाने उणी नव्हती. पण मालकी विकासकांच्या हातून विकासकांच्या हाती जात राहिली, आणि अखेरीस जुने सांगाडे पाडले गेले ते साडेतीनशे खोल्यांच्या नव्या हॉटेलसाठी.

आपल्या किनाऱ्यावर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या किनारी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचे यावर माझ्या कार्यालयात जेवढी चर्चा होते, त्याच्या शतांशानेही हे बांधकाम पुढे कोण उतरवणार यावर होत नाही. अलीकडे एका गृहस्थांची नारळाची वाडी पाहायला गेलो होतो. समुद्राकडच्या बाजूला जुना गडगा, कोपऱ्यात देवाचे ठिकाण, आणि त्यांच्या हातात वीस खोल्यांचा कच्चा नकाशा. मी त्यांना कहालूउची हकिकत सांगितली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, तेव्हा वाडीचा थोडा भाग तरी न्यासाकडे ठेवण्याचा विचार करावा, असे सुचवले. त्यांनी नकाशा घडी करून ठेवला आहे. त्यांचा मुलगा मात्र रिसॉर्टच्याच बाजूने आहे, आणि सातबाऱ्यावर नाव दोघांचेही आहे.