मधली शंभर वर्षं

एका प्रकरणात गुराबा आणि गलबतं, पान उलटलं की एसटी आणि मोबाइल, अशा दोन काळांत चालणाऱ्या कादंबऱ्या माझ्या खास आवडीच्या. प्रकरणाच्या डोक्यावर साल दिलेलं असतं. १७५६ संपतं, २०१९ सुरू होतं. खाडी तीच, तट तोच, फक्त तटावर आता कुणीतरी रेंज शोधत फिरत असतं. पावसाळ्यात वीज गेलेली असताना असं पुस्तक हातात असलं, की जेवणाच्या पहिल्या हाकेला मी ओ देत नाही.

नुसती ऐतिहासिक कादंबरीही मी वाचतो. मराठीत तिची परंपरा जुनी. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची, तिथून धरलं तरी दीडशे वर्षं होऊन गेली. पण त्या प्रकारात लेखक आपल्याला त्या काळात नेतो आणि तिथेच ठेवून घेतो. खलिते येतात, मुजरे होतात, घोडे फुरफुरतात, आपण पाहुण्यासारखे बघत बसतो. दोन काळांच्या कादंबरीत मात्र वाचकाला एक चोरटा अधिकार मिळतो. तेव्हाच्या माणसांना पुढे काय होणार ते ठाऊक नसतं, आत्ताच्यांना मागे काय झालं ते धड ठाऊक नसतं, आणि आपल्याला मात्र दोन्हीकडचं कळत असतं. दोन प्रकरणांच्या मधला, लेखकाने न लिहिलेला जो शंभर-दोनशे वर्षांचा काळ असतो, त्यात गोष्टी कशा वाकतात, काय गळून पडतं, कुणाचं श्रेय कुणाच्या नावावर चढतं, हे ताडत बसण्यातच माझा खरा आनंद. लढाईचं प्रकरण त्यासाठी मी भरभर उरकतो.

देवगड तालुक्यातल्या माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. विजयदुर्ग किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत. गावात कुणालाही विचारा, सांगतील, "हेलियमचो शोध हयच लागलो." ग्रहण होतं, साहेब दुर्बीण लावून ओट्यावर बसला, आणि सूर्यावरचा वायू त्याला इथून दिसला. तारीखही तयार असते, १८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, शाळेची मुलं येतात, भाषणं होतात.

त्या तारखेला ग्रहण होतं हे खरंच. पण ते ग्रहण निरखणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन तेव्हा बसला होता आंध्रातल्या गुंटूरला. आणि आपला साहेब, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर, त्या दिवशी विलायतेत होता. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली, तीही ग्रहण नसताना. विजयदुर्गाला तो आला, अगदी नक्की आला, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्यात तळ पडला, आरमारी जहाजावरचे खलाशी मदतीला घेतले, दुर्बिणी उभ्या राहिल्या. तोवर हेलियम सापडून, त्याचं बारसं होऊन, प्रयोगशाळेतही हाती लागून झालेला होता. गावाने पुढे काय केलं, तर दोन ग्रहणांचं एकच ग्रहण केलं. एकाची तारीख घेतली, दुसऱ्याचा साहेब घेतला.

इतिहासकार इथे तळटीप देऊन मोकळा होतो. गावकरी तळटीप वाचत नाही. दोघांनाही एका घरात नांदवायचं काम फक्त कादंबरीकाराला जमतं. माझ्या डोळ्यांपुढे ती प्रकरणं आपोआप उभी राहतात. १८९८च्या प्रकरणात साहेबाच्या तंबूत पाणी भरणारा गावातला एक पोर. साहेब काय बघतोय ते त्याला कोण सांगणार? त्याने पाहिलं ते इतकंच, की भर दिवसा अंधार पडला, कावळे घरट्याकडे निघाले, आणि एरवी ओरडणारा साहेब त्या वेळी चूप होता. पुढे म्हातारपणी त्याने ते नातवाला सांगितलं. नातवाने शाळेत हेलियमचा धडा वाचला आणि आज्याची गोष्ट त्या धड्याला जोडून टाकली. मग आजच्या प्रकरणात त्याच ओट्यावर सहलीची मुलं उभी आहेत आणि कुणीतरी त्यांना १८६८ ठणकावून सांगतंय. वाचक म्हणून मला खरं काय ते माहीत असतं, पण त्या सांगणाऱ्याचा राग येत नाही. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्यापर्यंत जे आलं ते तो पुढे देतोय.

विजयदुर्गाचंच १७५६ घ्या. फेब्रुवारीत समुद्रावरून वॉटसनची इंग्रजी जहाजं आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज, दोघं मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून आले. एका जहाजाला आग लागली आणि दाटीने नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. नुसत्या ऐतिहासिक कादंबरीची इथे पंचाईत होते, कारण नायक कोणाला करायचा? दोन काळांच्या कादंबरीला घाई नसते. ती पुढचं प्रकरण आजच्या चहाच्या टपरीवर नेऊ शकते, जिथे पेशव्यांनी आरमार बुडवलं की आंग्र्यांनी ओढवून घेतलं यावर अजून आवाज चढतात. आणि त्याच बंदरात १७८३ मध्ये पेशव्यांचे आनंदराव धुळप इंग्रजांचं 'रेंजर' जहाज धरून आणतात, हे टपरीवर कुणाच्याच बोलण्यात येत नाही. ते वाचकाने मनातल्या मनात म्हणायचं.

आता तक्रार. या प्रकारातल्या लेखकांना एक पेटी फार लागते. नायिका पुण्या-मुंबईहून आजोळी येते, माळ्यावर चढते, पेटी उघडते, आत पणजीचं पत्र. कडक, पिवळं, अखंड. अहो, कोकणातल्या माळ्यावर? दर पावसाळ्यात गोधड्यांना बुरशी येते, लोणच्याच्या बरणीचं फडकं ओलं होतं, आणि वाळवीला तर वाशापासून दप्तरापर्यंत काहीच वर्ज्य नाही. पणजीचं पत्र सापडलंच तर त्याची चाळण झालेली असेल आणि नेमका मजकुराचा भाग कसरीने नेलेला असेल. मला तर वाटतं, हीच खरी कादंबरी. चार ओळी आहेत, दोन नाहीत, आणि त्या दोन ओळींवरून पुढची तीन पिढ्यांची भाऊबंदकी.

बरं, पत्र मिळालं म्हणून नायिका ते घडाघडा वाचते कशी? जुने कागद मोडीत. आधी रेघ ओढून घ्यायची आणि खाली शब्द न तोडता लिहीत सुटायचं, अशी ती लिपी; एक शब्द कुठे संपला हे ताडण्यात दुपार जाते. सालही आकड्यात असेलच असं नाही. 'खमस सितैन मया व अलफ' असं अरबी मोजणीत असतं. पाच, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६५. त्यात सहाशेच्या आसपास मिळवले की इसवी सन १७६४-६५. हे शुहूर सन, आणि त्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर बदलणारं साल! जानेवारीतल्या नव्या वर्षापेक्षा आमच्याकडच्या शेतकऱ्याला ते केव्हाही पटेल. असा तपशील लेखकाने सहज पेरला, की त्याचे सात गुन्हे मी माफ करतो.

आत्ताचा धागा बहुतेक पुस्तकांत लंगडा पडतो, हेही सांगून टाकतो. जुन्या प्रकरणात खून, दगा, वादळ. नव्यात नायिका तटावर उभी राहून डोळे पुसते आणि नोकरी सोडते. लेखकाला वाटतं आजचं आयुष्य बेचव आहे. त्यांनी एकदा आमच्याकडचा सातबारा हातात घ्यावा. त्या कागदावर दोन्ही काळ एकाच ओळीत बसलेले असतात. पणजोबा जाऊन किती वर्षं झाली, पण खातेदार म्हणून ते जागेवर आहेत. त्यांच्या खाली सामाईकात काका, आत्या, मुंबईला गेलेले, बडोद्याला गेलेले, कुठे गेले ते देवाला ठाऊक असलेले. कुणाची वारस नोंद झाली, कुणाचा फेरफार राहिला. कलमं पणजोबांनी लावली, हापूस आम्ही खातो, आणि बागेवर कर्ज काढायचं तर सह्या हव्यात साऱ्या सहहिस्सेदारांच्या. अशा एका सहीसाठी गोरेगावला गेलेल्या माणसाची हकीकत ऐका, कुठल्याही खलित्याच्या प्रवासापेक्षा थरारक असते.

आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा तर कादंबरीचं तंत्र आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. "बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा," म्हणून सुरुवात होते. वाडवडिलांकडून काही चुकलं असेल तर ते पदरात घे, आणि हा जो लेक आज नारळ घेऊन उभा आहे त्याच्या पोराला नोकरी लाव. एका दमात चार पिढ्या मागे आणि एक पुढे! मधेमधे सगळ्यांचं "व्हय म्हाराजा". मागच्यांनी नेमकं काय चुकवलं ते कुणी विचारत नाही, म्हणून आजवर कुणाच्या तोंडून ते निघालेलं नाही. इथे एखाद्या लेखकाला आख्खं पुस्तक पडलेलं आहे.

मला वाचायला हवं असलेलं पुस्तक कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्याची सालं मी ठरवून ठेवली आहेत, १८९८ आणि २०२०. पहिल्या धाग्यात मुंबईत प्लेग आहे, माणसं शहर सोडून गावाकडे निघाली आहेत, आणि ज्या बंदरात ती आगबोटीतून उतरताहेत तिथे साहेबाच्या पेट्या उतरताहेत. दुसऱ्यात करोना, चाकरमानी रातोरात गाड्या करून आलेले, गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलेले. त्यांचे डबे फाटकाबाहेर ठेवून घरची माणसं दहा पावलं मागे होताहेत. दोन्ही वेळा आपल्याच माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करण्याची लाज आणि भीती एकाच घरात. नायिका नको, पेटीही नको. पाणी भरणारा तो पोर आणि शाळेत अडकलेला त्याचा पणतू, एवढे पुरेत. पणतूला वर्गाच्या भिंतीवर ग्रहणाचा तक्ता दिसतो, एवढाच काय तो योगायोग मी लेखकाला करू देईन.

हे सगळं मी चुलतभावाला ऐकवलं. त्याने सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ग्रहण त्याला आवडलं, प्लेगही आवडला, पोराला साहेबाने काय दिलं तेही त्याने विचारलं. मग म्हणाला, "सगळा बरा हा. पण शेवटाक जमीन कोणाक गावली?"

याचा विचार मी केलाच नव्हता. आता त्या पोराला एक सावत्र भाऊ द्यावा लागेल, आणि पुस्तक बहुतेक दोन भागांत जाईल.