उसाच्या रानातली काळी रास

मॉरिशसहून येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो समुद्राचे फोटो मागतो आणि मी दाखवतेही. पाणी खरंच तसं निळं आहे, वाळू खरंच तशी पांढरी आहे. पण रात्री डोळे मिटले की समुद्र येत नाही. येते ती कास्कावेल गावामागच्या उसातली काळ्या दगडांची रास.

पहिले चार दिवस धाकट्या बहिणीने इथूनच ठरवलेल्या सहलीत गेले. बोट, बेट, जेवण, परत बोट. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

राग आला तो शामारेलला. रंगीत मातीच्या टेकड्या बघायला आम्हाला पंचवीस मिनिटं दिली होती आणि त्यातली पंधरा कठड्यापाशी फोटोसाठी रांग लावण्यात गेली. तांबडी, विटकरी, जांभळी, पिवळट अशी माती लाटांसारखी पसरलेली. आमच्या गटातल्या एकानेही विचारलं नाही की ही अशी का. गाइडनेही सांगितलं नाही. अहो, तो बेसॉल्टच आहे! ज्वालामुखीचा काळा दगड लाखो पावसाळ्यांत कुजला, त्यातलं धुऊन जाण्यासारखं सगळं वाहून गेलं आणि मागे राहिली ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. त्यांचे हे रंग. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा तांबडा जांभा असाच तयार झाला. पाटणच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला ती माती बघून घरचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं, आणि नेमकं तेव्हाच कुणी "चला चला, बस निघाली" म्हणून ओरडलं की जीव तुटतो.

त्या संध्याकाळी मी बहिणीला म्हटलं, उरलेले दिवस आपले आपण फिरू. ती बिचारी तयार झाली.

पश्चिमेकडे कास्कावेलजवळ एका घरात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगात फुलाफुलांचा झगा, देव्हाऱ्यात गणपती. आम्ही महाराष्ट्रातल्या आहोत हे कळल्यावर तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि म्हणाली, "मराठी? मी पण मराठी." तिचं मराठी आरत्यांतून आणि आजीकडून आलेलं. मध्येच शब्द अडला की क्रिओल, म्हणजे तिथली बोली, तोही सापडला नाही की हिंदी. आम्ही तिला आजीच म्हणायला लागलो.

या भागात मराठी घरं बरीच. गणेश चतुर्थीची या देशात सार्वजनिक सुट्टी असते. हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि विमानातून सहा-सात तास समुद्र ओलांडून आल्यावर कुणाच्या देव्हाऱ्यात आपला गणपती बघणं वेगळं.

संध्याकाळी आजी म्हणाली, चला, रान दाखवते. ऑगस्ट महिना, म्हणजे तिकडची थंडी आणि उसाची तोडणी. तोडणीला ते 'लाकूप' म्हणतात. अर्धं रान रिकामं झालेलं, जमिनीवर पाचट पसरलेलं, पायाखाली करकरत होतं. वास थेट कराडच्या वाटेवरचा. आणि रिकाम्या झालेल्या रानात ते ढीग उघडे पडले होते. दीड-दोन पुरुष उंच, पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत गेलेले, काळे. आधी वाटलं, जुनं काही बांधकाम असावं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. पण असा बसवलेला की हलत नव्हता.

मी हात लावला. एक सुटा दगड काढून बघितला. अंगभर बारीक भोकं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि उजेडात धरल्यावर मधूनच हिरवे काचेसारखे कण. ती भोकं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. आमच्याकडच्या दगडातही अशी भोकं असतात, पण ती पांढऱ्या-गुलाबी खनिजांनी भरलेली. लहानपणी आम्ही ते खडे वेचून डबीत ठेवायचो. इथली भोकं रिकामी होती. दगड अजून तरुण आहे, भरायला वेळच झालेला नाही.

"कोणी रचलं?" मी विचारलं.

आजीने तिच्या पलीकडच्या हवेतच हात फिरवला. "आमच्या आज्यांनी. त्यांच्या आज्यांनी. दगड काढल्याशिवाय ऊस नाय लागत."

हे बेट असं आहे. मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं, आणि सगळंच्या सगळं ज्वालामुखीतून वर आलेलं. मध्ये मूळचा एक प्रचंड ज्वालामुखी होता. तो खचला. त्याच्या कडेचे तुकडे म्हणजे आज बेटाभोवती दिसणारे चित्रविचित्र सुळके. पीटर बॉथच्या डोक्यावर तर एक गोल धोंडा ठेवल्यासारखा बसलेला आहे. सगळ्यात उंच शिखर 828 मीटरचं, कळसूबाईच्या निम्मंच. मधल्या पठारावर नंतर पुन्हा पुन्हा लाव्हा वाहिला. क्युरपिप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे. कडेला उभं राहिलं की खाली झाडांनी भरलेली हिरवी वाटी दिसते आणि पाठीमागे लोकांची घरं, वाळत घातलेले कपडे. शेवटचे लाव्हे काही दहा हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे दगडाच्या हिशेबात कालचेच. म्हणूनच रानात माती कमी आणि धोंडे जास्त.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. आपला सह्याद्री ज्या आगीतून आला, त्याच आगीतून हे बेट आलं. पृथ्वीच्या पोटात एका जागी जाळ आहे आणि वरचं कवच त्याच्यावरून हळूहळू ईशान्येकडे सरकत जातं. चुलीतला जाळ जागेवर आणि भाकरी आपण सरकवत नेतोय, असं समजा. जिथं जिथं भाकरी जाळावर आली तिथं डाग पडला. पहिला आणि सगळ्यात मोठा डाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तो आपलं दख्खनचं पठार. मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या खालची समुद्रात बुडालेली रांग. मग साधारण 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आणि आज तो जाळ शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो.

हे मला माहीत होतं. पुण्यात भूगोल शिकवताना मी फळ्यावर ही रांग कित्येकदा काढली आहे. पण कोयनेच्या खोऱ्यात ज्या दगडाशी माझ्या आबांनी जन्मभर झटापट केली, तोच दगड हजारो किलोमीटरवर हातात आला, तेव्हा तळहाताला घाम फुटला. आबा म्हणायचे, आपल्या रानात आधी दगड पिकतात, मग नाचणी. नांगरट झाली की आम्ही नातवंडं पाटीत धोंडे भरायचो आणि ते उतारावर ताल, म्हणजे माती अडवायचे दगडी बांध, रचायचे. तेही असंच, चुन्याशिवाय, नुसतं वजनावर वजन तोलून.

आजी म्हणाली तेही तेच होतं. दगड संपत नाहीत. दर नांगरटीला नवे वर येतात.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघितला. 1834 पासून करारावर आणलेले मजूर या बंदरात उतरायचे. एकंदर साडेचार लाखांच्या वर माणसं, बहुतेक हिंदुस्थानातली, आणि त्यांतली काही मुंबई बंदरातून निघालेली मराठी, बरीचशी रत्नागिरीकडची. 2006 साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवली. बंदराच्या बाजूने वर येणाऱ्या सोळा पायऱ्या आहेत, त्याही काळ्या दगडाच्या. मी त्या चढले. सोळा म्हणजे काहीच नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. वर आल्यावर मला पुढे जाववेना. आपल्याकडे कातळ फोडून दोन घास काढणं जमेना म्हणून निघालेला माणूस, आणि इथं उतरून त्याच्या हातात पुन्हा तोच दगड दिलेला. त्याच्याही आधी इथं गुलाम होते, आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेले. 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली, म्हणून तर मळेवाल्यांना हे करारी मजूर लागले. त्या राशींच्या तळाशी त्यांचेही हात आहेत.

या देशाच्या जमिनीत सोनं नाही, तेल नाही, कोळसा नाही, लोखंडाची खाण नाही. जे आहे ते ऊस, पाऊस, समुद्र आणि हा दगड. डच लोक 1638 मध्ये वस्तीला आले तेव्हा एबनी या मौल्यवान काळ्या लाकडाच्या झाडांची जंगलं होती, ती तोडली गेली. डोडो पक्षी त्याच शतकात संपला. आज मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे, त्यातलं बरंचसं ब्लॅक रिव्हरच्या घळीत. तिथं आम्ही सबंध सकाळ चाललो, आणि मला ती अख्ख्या सहलीतली सगळ्यात चांगली सकाळ वाटली. बहिणीचे पाय भरून आले, तिला नाही वाटली.

पाण्याचं गणित तर मला घरचंच वाटलं. आग्नेयेकडून वारे येतात, मधल्या पठारावर आदळतात आणि तिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततात. डोंगर ओलांडून पश्चिमेला आलं की हजारसुद्धा नाही. महाबळेश्वर आणि फलटण एकाच छोट्या बेटावर. आजीच्या घरावर पाण्याची निळी टाकी होती आणि ती सकाळी नळ उघडायच्या आधी टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकायची. आम्ही लांबलचक अंघोळी केल्या होत्या. पहिल्या दिवशी तिने काही म्हटलं नाही, आणि नंतर आम्ही तशी अंघोळ केली नाही.

वीज विचारली तर म्हणाली, "उसातून येते." खरं आहे. कारखान्यात उरलेलं चिपाड जाळून गाळप हंगामात वीज करतात आणि ती सगळ्या देशाला देतात. बाकीची वीज बरीचशी जहाजातून येणाऱ्या कोळशावर आणि तेलावर. पण उसाचे दिवस आता पूर्वीचे नाहीत. युरोपने साखरेला द्यायचा भाव 2006 पासून उतरवत नेला, कारखाने एकामागून एक बंद झाले. आजीच्या शेजारचं रान विकलं गेलंय. तिथं बंगले होणार. तिथली रास यंत्राने उचलून नेली.

"कुठं?" मी विचारलं.

"दळायला."

खडी क्रशर. पूर्वी इथं बांधकामाला लगूनमधली, म्हणजे किनारा आणि प्रवाळाच्या भिंतीमधल्या उथळ पाण्यातली, प्रवाळाची वाळू उपसायचे. 2001 पासून ते बंद केलं, आणि योग्यच केलं. बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, तीच लाटा अडवते, तीच वाळू देते. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी ती भिंत तुटली आहे. तिथं समुद्र कड्यावर असा आपटतो की पाच मिनिटांत चष्मा मिठाने आंधळा होतो. तर वाळू बंद झाल्यावर दगड दळून केलेली क्रश सँड आली, आणि दगड तर राशी घालून तयारच होता. कुणाला दोष द्यावा कळत नाही. प्रवाळ वाचायला हवं. पण ज्यांनी एकेक धोंडा डोक्यावरून वाहिला त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत, त्यांचं कोरीव काम म्हणजे ह्या राशीच. काही तरी राखा, एवढंच मागावंसं वाटतं.

आजीला समुद्राचीही काळजी. 2020 च्या जुलैमध्ये वाकाशियो जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल लगूनमध्ये सांडलं. सरकारी मदतीची वाट न बघता हजारो लोक किनाऱ्यावर गेले आणि कापडाच्या लांब पिशव्यांत पाचट भरून त्यांचे तरंगते बांध केले. आजीच्या रानातलं पाचटही ट्रकने गेलं होतं. पिशव्या शिवता शिवता बोटाला सुई लागल्याची खूण तिने मला दाखवली, अंगठ्याजवळ, अगदी बारीक.

निघायच्या दिवशी पहाटे ती मला पुन्हा रानात घेऊन गेली. बहीण झोपली होती. दवाने दगड आणखी काळे झाले होते. आजीने वाटेतला एक धोंडा उचलला, नारळाएवढा, राशीच्या खालच्या पायरीवर ठेवला, हलतो का बघितलं, वळवून पुन्हा बसवला. मग झग्याला हात पुसले.

मी मोबाइल काढून तिला आमच्या गावचा फोटो दाखवला. आबांनी रचलेला ताल, वर नाचणी, मागे ढगात गेलेला डोंगर. तिने दोन बोटांनी तो मोठा केला. नाचणी बाजूला सरकवली, डोंगर सरकवला, फक्त दगड उरेपर्यंत. खूप वेळ बघत राहिली.

"ऊस पण आहे का तिथं?"

"आहे," मी म्हटलं. "खाली, नदीकाठाला."