चियांग माईत तीन घरं

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. कंपनी पुण्याची, क्लायंट जर्मनीचा, आणि गेली चार वर्षं माझं ऑफिस म्हणजे सांगलीतल्या घराची मागची खोली. दिवसभर माणसं भेटायची ती हेडफोनमधून. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की घरात आई-बाबांचे आवाज असायचे, पण माझ्या कामाबद्दल बोलायला शेजारी कोणी नसायचं. म्हणून गेल्या हिवाळ्यात साडेतीन महिने थायलंडच्या चियांग माईला राहून आले. तिथे को-लिव्हिंगमध्ये, म्हणजे स्वतःची खोली, बाकी स्वयंपाकघर, बैठक आणि कामाची जागा सगळ्यांची, अशा घरात राहायचं हे आधीपासून ठरलं होतं. असं घर मिळेपर्यंत दोन घरं बदलावी लागली. तिकडे जायचा विचार असलेल्यांसाठी सविस्तर लिहितेय.

आधी व्हिसा. तिकडे बसून लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी थायलंडने 2024च्या जुलैत 'डीटीव्ही' नावाचा व्हिसा सुरू केला. पाच वर्षं चालतो, एका वेळी 180 दिवस राहता येतं. अट अशी की खात्यात 5 लाख बाट दिसले पाहिजेत. बाट साधारण पावणेतीन रुपये धरला तर पावणेचौदा लाख होतात. मी एफडी मोडून रक्कम बचत खात्यात आणली, कंपनीकडून रिमोट कामाचं पत्र घेतलं आणि भारतातूनच ऑनलाइन अर्ज केला. हा व्हिसा थायलंडमध्ये पोचल्यावर मागता येत नाही, हे लक्षात ठेवा. पर्यटक म्हणून जाऊन गुपचूप काम करणारे खूप भेटले. मला तसं राहणं जमलं नसतं. दर वेळी पासपोर्ट काढताना छातीत धडधडलं असतं. तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्डही भरावं लागतं, तेवढं फुकट असतं.

पहिलं घर मी सांगलीतूनच, फोटो बघून, महिन्यासाठी बुक केलं. निम्मान भागात, माया मॉलपासून चालत दहा मिनिटांवर. 17,500 बाट, त्यात वीज, पाणी, इंटरनेट सगळं आलं. निम्मान म्हणजे कॉफीची दुकानं, लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं, दर चार पावलांवर को-वर्किंग, म्हणजे पैसे देऊन बसायची कामाची जागा. फोटोत दिसली होती तशीच खोली मिळाली. फोटोत आवाज दिसत नाही, एवढंच. चियांग माईचा विमानतळ शहराला अगदी लागून आहे आणि या भागावरून विमानं इतकी खालून जातात की खिडकीच्या काचा हलतात. जर्मनीच्या टीमने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू विमानतळावर बसली आहेस का?" रात्री खालच्या गल्लीतलं संगीत. तीस खोल्यांना कामाची बैठक एकच, खुर्च्या आठ. सकाळी नऊला जाऊन कोणी वही ठेवून जागा धरायचं.

तरी जास्त खटकलं ते दुसरंच. तिथे स्वयंपाकघर म्हणजे एक मायक्रोवेव्ह आणि एक छोटा फ्रीज. त्यामुळे प्रत्येक जण बाहेर खायचा, आपल्या वेळेला, आपल्या फोनसोबत. तीस जण एका छताखाली राहत होतो आणि महिन्याभरात मला पाच जणांची नावं कळली. दर गुरुवारी 'कम्युनिटी नाइट' असायची, पिझ्झा मागवायचे. मी दोनदा गेले. तिथे प्रत्येक जण पहिले दोन प्रश्न तेच विचारायचा: कुठून आलीस, किती दिवस आहेस. पुढच्या गुरुवारी त्यातले निम्मे गेलेले असायचे.

मग वाटलं, एकटंच राहायचं तर स्वस्तात राहू. सांतितम भागात स्टुडिओ घेतला. भाडं 8,000 बाट, तेवढंच डिपॉझिट. शांत गल्ली, मोठी खिडकी, सकाळी खाली बाई चिकट भात आणि केळी विकायची. पण वीज वेगळी, आणि युनिटला 8 बाट. घरमालक वीज कंपनीच्या दरापेक्षा जास्त लावतात हे तिथे सर्रास चालतं, आधी विचारून घ्यावं. खरी अडचण आली ती टीएम 30ची.

हे नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांच्या आत घराच्या मालकाने इमिग्रेशनला कळवायचं, असा तिथला नियम आहे. त्या फॉर्मला टीएम 30 म्हणतात. जबाबदारी मालकाची, पण पावती नसली की खोळंबा आपला होतो. सलग 90 दिवस राहिलं की आपण स्वतः हजेरी द्यायची असते आणि तिथे ही नोंद बघतात. मी मालकाला तीन वेळा मेसेज केले. उत्तर आलं, "गरज नाही, कोणी विचारत नाही." चौथ्यांदा उत्तरच आलं नाही. महिना संपल्यावर डिपॉझिटमधून 'साफसफाई' म्हणून 2,500 बाट कापले. त्या खोलीत मी महिनाभर रोज स्वतः झाडू मारला होता. वाईट पैशांचं वाटलं तसं या शब्दाचंही वाटलं.

तिसरं घर शोधताना मी फोटो बघणं सोडलं. मेसेज करून विचारायचे: टीएम 30 कोण भरतं आणि पावती देता का? विजेचा दर किती? अपलोडचा वेग किती, आणि तो कुठल्या खोलीत मोजला? टेबलाच्या खुर्चीचा फोटो पाठवाल का? आणि शेवटचा प्रश्न, गॅसवर फोडणी देता येते का. इंग्रजीत 'मोहरी तेलात तडतडवते, धूर होतो' असं लिहायचे. या प्रश्नाला जे उत्तर येतं त्यावरून घर कळतं. दोघांनी 'नो हेवी कुकिंग' कळवलं. एकीकडून उत्तर आलं: "आम्ही रोज मिरच्या भाजतो. ये."

ते घर जुन्या शहराच्या उत्तरेला, चांग फुअक वेशीपलीकडे. जुनं शहर चौकोनी, भोवती पाण्याचा खंदक. राजा मेंगरायने 1296 साली वसवलेलं, विटांची तटबंदी कोपऱ्याकोपऱ्याला अजून उभी आहे. घर सागवानी, खाली ओटा मोकळा, वर नऊ खोल्या. भाडं 13,500, डिपॉझिट 5,000, वीज मीटरप्रमाणे, सरकारी दराने. घर सांभाळणाऱ्या बाई साधारण माझ्या मोठ्या मावशीच्या वयाच्या. त्यांना सगळे 'पी' म्हणायचे. थाईत वयाने मोठ्या माणसाला, ताई असो वा दादा, पी म्हणतात, लहानाला नाँग. दुसऱ्या दिवसापासून मी नाँग झाले. शहरभर मला मॅडम म्हणत होते, त्या घरात कोणीतरी धाकटी म्हणून हाक मारली तेव्हा माझा घसा दाटून आला.

सामान ठेवल्या ठेवल्या पींनी पासपोर्ट मागितला. जेवणाच्या टेबलावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, फोनवर माझं नाव एकेक अक्षर टाइप केलं. मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे त्या अडखळल्या. मी समजावून सांगितलं. पावती आली तशी मला पाठवली आणि म्हणाल्या, "सेव्ह कर." सगळं मिळून सहा मिनिटं. ज्या कागदासाठी आधीच्या मालकाकडे महिनाभर गयावया केली तो हा.

बाकी घराबद्दल तक्रार करण्यासारखं होतं. लाकडी फळ्या, त्यामुळे वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खाली कळायचं. बाथरूम दोघींत एक. मिटिंगसाठी बंद खोली एकच, वहीत वेळ लिहून घ्यावी लागे. माझी वेळ सोयीची होती: पुण्याच्या टीमची साडेदहाची स्टँड-अप, म्हणजे रोजची छोटी मिटिंग, तिथल्या बाराला, जर्मनीचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे तीन. अख्खी सकाळ मोकळी. अमेरिकेचं काम करणारा एक मुलगा मात्र रात्रभर जागायचा. त्याला या घरात झोप मिळेना म्हणून तो पंधरा दिवसांत गेला. तुमच्या क्लायंटची घड्याळं बघूनच घर निवडा, हे मनापासून सांगते.

सकाळी मी पींबरोबर वारोरोत नावाच्या बाजारात जायचे, लाल सोंगथ्यावने, माणशी 30 बाट. सोंगथ्याव म्हणजे मागे दोन बाकडी टाकलेली छोटी गाडी, आपल्या वडापसारखी. हात केला की थांबते. मी शाकाहारी. तिथे पालेभाजीतही माशांचा सॉस, नाम प्ला, घालतात. पींनी शिकवलं: पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की ते 'जे' खाणं, निर्धास्त खा. जेमध्ये चातुर्मासासारखा कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे सांगितल्यावर फोनवर आई फार खूश झाली.

रविवारी सगळ्यांचं एकत्र जेवण. एकदा माझी पाळी आली. पोहे घरून नेलेले होते. शेंगदाणे, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबं बाजारात मुबलक. कढीपत्ता तेवढा मिळाला नाही. कढईत मोहरी टाकली, तडतडली, हिंग पडला आणि वरून कोणीतरी खोकत विचारलं काय जळतंय. पी शेजारी दगडी खलात कोथिंबिरीची मुळं आणि मिरी कुटत होत्या. त्या थांबल्या, वाकून वास घेतला आणि हिंगाची डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मुळं फेकून देतो आम्ही, असं मी म्हटलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी माझ्या हातात खल दिला. नऊ जणांनी पोहे खाल्ले, दोघांनी त्यावर नाम प्ला घातला. टेबल आवरायला रात्रीचे अकरा वाजले, आणि त्या वेळात एका पोर्तुगीज मुलीने माझ्या टेस्ट स्क्रिप्टमधली आठवडाभर अडलेली चूक शोधून दिली. मागच्या खोलीत बसून चार वर्षं मला नेमकं हेच हवं होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर 90 दिवसांची हजेरी आली. पहिल्या वेळी स्वतः जावं लागतं. अधिकाऱ्याने पावती बघितली, पुढच्या तारखेची चिठ्ठी पासपोर्टला स्टेपल केली. रांगेतला वेळ सोडला तर काम दहा मिनिटांचं. शेजारच्या खिडकीवर एक जण टीएम 30 नाही म्हणून परत पाठवला जात होता. मी त्याला पींनी पाठवलेली पावती दाखवली, मालकाकडे हेच मागा म्हणून.

एक गोष्ट जाण्याआधी पक्की करा: महिने. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत डोंगरातली आणि शेतांतली जाळपोळ सुरू असते, शहर खोलगट खोऱ्यात आहे, धूर बाहेर पडत नाही. रोज गच्चीतून दिसणारा डोई सुथेपचा डोंगर एका सकाळी दिसला नाही. डोळे चुरचुरायला लागले. घरातले पाच जण दक्षिणेच्या बेटांकडे आणि व्हिएतनामला निघाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ मी कोणालाही सुचवेन.

26 फेब्रुवारीला मी खोली सोडली. पींनी येण्याच्या दिवशीचा मीटरचा फोटो फोनवर काढून ठेवला होता. आताचा आकडा माझ्यासमोर वाचला, वजाबाकी कागदावर करून दाखवली. 412 बाट. उरलेले 4,588 मोजून पाकिटात घातले आणि दोन्ही हातांनी दिले. मी हिंगाची डबी त्यांच्या फडताळात, मिरीच्या बरणीशेजारी ठेवली.