आमची वाटचाल : गळती शोधणारं गॅरेज

१९९६ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. आजूबाजूला लेथवाले, बोअरिंगवाले, फाउंड्रीवाले, सगळे होते. ऑइल गळती शोधून देणारं मात्र कुणी नव्हतं. पार्ट बदलून देणारे गल्लोगल्ली होते. गाडीखाली डाग दिसला की गिअरबॉक्स उतरव, मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं रबरी कडं टाक, बिल फाड. पहिली काही वर्षं बरी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते २००४ चं. शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या एकाच्या बऱ्याच मारुती ओम्नी व्हॅन आमच्याकडे होत्या आणि महिन्याचा खर्च त्यांच्यावरच निघायचा. त्यातल्या एका व्हॅनची क्लच प्लेट आम्ही टाकली. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मागचं सील मी बोट फिरवून बघितलं होतं, कोरडं ठणठणीत. पुढं काही आठवड्यांत बेल हाऊसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या कवचाखाली, थेंब दिसायला लागले. गाडी आमच्याकडे न आणता ती गेली हायवेवर नव्यानं झालेल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. तिथं काचेच्या केबिनमध्ये चहा पाजायचे, चहा संपेपर्यंत एस्टिमेट छापून यायचं. त्यांनी निदान केलं, "उद्यमनगरवाल्यानं सील दुखावलं." झालं. सगळ्या व्हॅन गेल्या, मागचं बिलही अडकलं. भाडं थकलं, हाताखालची दोन पोरं दुसरीकडे लागली. गावात बोलबाला असा झाला की आम्ही हात लावला की गाडी गळते. जो तो ऐकवायचा. गाडीखाली वाकून बघितलं कुणी?

त्या दिवसांत टिकून राहिले ते अण्णा. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी, त्यांचीही ओम्नी, कार्ब्युरेटरवाली. त्यांच्याही गाडीला तसेच थेंब, त्याच जागी. हायवेवाल्यांनी गिअरबॉक्स, सील आणि क्लच असं एस्टिमेट दिलेलं. अण्णा कागद माझ्यापुढं टाकून म्हणाले, "मला गाडी खोलून नको रे. ऑइल कुठनं येतंय तेवढं सांग, मग बघू."

आधी डिझेल आणि ब्रशनं इंजिन पार धुतलं. कंप्रेसरची हवा मारून वाळवलं. मग अंगाला लावायची पावडर सगळीकडे फुंकली आणि इंजिन चालू ठेवलं. ओम्नीत पुढची सीट उचलली की इंजिन समोर. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन मी बसलो. क्रँक सीलच्या बाजूला पावडर पांढरीच. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंगही कोरडं. मग वर, हेडच्या मागच्या टोकाला, प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रीब्युटरच्या बुडाशी एक बारीक काळी रेघ उमटली. ती ब्लॉकच्या मागून उतरून थेट बेल हाऊसिंगवर येत होती. खालून बघणाऱ्याला ते सीलचंच ऑइल वाटणार. डिस्ट्रीब्युटरची जागा खुणेनं कोरून घेतली, बाहेर काढला. त्याची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, आक्रसून कडक झालेली, नखानं दाबली तर मोडली. किंमत काही रुपये. नवी टाकली, टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ सेट केली. अण्णांनी दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा ठेवला आणि मग तो पुठ्ठा घेऊनच बाजारभर हिंडले. आम्ही जाहिरात कधी केली नाही.

पुढं त्या शाळेच्या व्हॅनचा एक ड्रायव्हर गुपचूप गाडी घेऊन आला. सील तीनदा नवं, थेंब तसाच. तीच ओ-रिंग! मालकाकडचं बिल आजतागायत मिळालेलं नाही, ते कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

विचारत नाही कुणी, तरी सांगतो. गळती नेहमी सगळ्यात वरच्या ओल्या जागेपासून शोधायची. चालत्या गाडीत वारा ऑइल मागं ढकलतो, त्यामुळं शेवटच्या थेंबावर विश्वास ठेवू नका. काळं असेल तर इंजिनचं, उग्र गंधकासारखा वास आला तर गिअरबॉक्सचं. ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी वाट, तुंबला की आतला दाब वाढतो आणि चांगलं पॅकिंगही ओलं व्हायला लागतं, म्हणून सील टाकण्याआधी ब्रीदरची नळी बघा. ड्रेन नटचा वॉशर प्रत्येक सर्व्हिसिंगला नवा. आणि गळती थांबवणारं म्हणून डब्यातलं काही ओतू नका, हात जोडून सांगतो.

ओम्नी २०१९ ला बंद झाली. अण्णांची अजून चालते, आता त्यांचा नातू आणतो. आमच्याकडे पावडर जाऊन ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग (डाय) आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आली. शेडमध्ये अंधार केला की गळतीची जागा हिरवट पिवळी चमकते. त्या हायवेवाल्या वर्कशॉपमधला पोरगा मधूनमधून ती टॉर्च मागायला येतो. देतो. भाडं रोख घेतो.